काट्याभोवतीची गर्दी

"आजोबा, माझ्या पांढऱ्या पेशी 3,100 आल्यात. म्हणजे मी कमकुवत?"

कमकुवत कसला! डेंग्यू झालाय तुला, त्यात त्या उतरतातच. टायफॉइडमध्येही कधी कधी उतरतात. बस इथं, गोष्ट सांगतो.

1882 साल. इटलीच्या सिसिली बेटावर, मेसिना गावात, इल्या मेचनिकॉफ नावाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ राहायला आला होता. एकदा घरची सगळी मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेली आणि हा एकटाच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला. समोर तारामाशाची पिल्लं, काचेसारखी आरपार दिसणारी. त्यांच्या अंगात काही पेशी इकडून तिकडे भटकत होत्या. त्याच्या मनात आलं, बाहेरचं काही आत घुसलं तर या काय करतील? उठला, बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि पिल्लांच्या कातडीखाली खुपसले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पहाटे पाहतो तर काट्याभोवती पेशींची ही गर्दी!

"त्यांना बोलावलं कोणी?"

हाच तर खरा प्रश्न. त्या पिल्लाला मेंदू नाही की आपल्यासारख्या रक्तवाहिन्या नाहीत. जखमेतून झिरपणाऱ्या रसायनांचा माग काढत त्या येतात, हे पुढं कळलं. तुझ्या गुडघ्यात पू झाला होता ना, तो म्हणजे अशाच धावून येऊन मेलेल्या पांढऱ्या पेशींचा लगदा. मेचनिकॉफला 1908 साली नोबेल मिळालं, पॉल एर्लिख यांच्यासोबत. या एर्लिखनं रंग चढवून पांढऱ्या पेशींच्या जाती वेगळ्या ओळखायला शिकवलं. तुझ्या रिपोर्टात न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, इओसिनोफिल अशी टक्केवारी आहे ना, तिची सुरुवात तिथली.

आता आकडा. एक घन मिलिमीटर रक्तात तांबड्या पेशी पन्नास लाखांच्या आसपास, पांढऱ्या मात्र साधारण 4,000 ते 11,000. यंत्रं येण्याआधी लॅबवाले रक्त सौम्य आम्लात वीसपट पातळ करत. तांबड्या फुटून जात, पांढऱ्या उरत. मग रेघा आखलेल्या काचेवर त्या एकेक करून मोजायच्या. डोळ्यांचं पार भरीत होत असणार!

पण हा आकडा म्हणजे प्रतिकारशक्तीचे मार्क नव्हेत. नुसत्या न्यूट्रोफिलच हाडांच्या मगजात रोज दहा हजार कोटींच्या घरात तयार होतात. रक्तात त्या जेमतेम काही तास, फार तर दिवसभर असतात. कितीतरी मगजात थांबलेल्या असतात, कितीतरी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटलेल्या. दिवे घाटात उभं राहून पंढरपुरात किती वारकरी पोचले ते कसं कळणार? जोरात धावलास, सुईला घाबरून भोकाड पसरलंस किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्या, तरी आकडा चढतो. जंत किंवा दमा असला की इओसिनोफिल वाढू शकतात. आणि 'इम्युनिटी वाढवतो' म्हणत काढे विकणाऱ्यांना विचार, नेमकी कोणती पेशी वाढवता?

भीती वेगळ्या आकड्याची. केमोथेरपी चालू असताना न्यूट्रोफिल 500 च्या खाली गेल्या आणि ताप आला, तर सकाळ होण्याची वाट पाहायची नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं.

तुझ्या पेशी बहुधा आपोआप वर येतील. पण ताप उतरला म्हणून अंगणात पळायचं नाही हं. डेंग्यूत जपायचे दिवस तेच. पोट दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर लगेच आईला सांगायचं, रात्र असली तरी.