क्लच जड झाला, की पाय बधिर?

घाटात वाहतूक तुंबली की गाडी हातभर सरकते, थांबते, पुन्हा सरकते. दर वेळी डावा पाय क्लच दाबतो. तासाभराने गुडघा ठणकू लागतो आणि ‘क्लच जड झालाय’ अशी तक्रार गॅरेजमध्ये जाते.

अनेकदा दोष गाडीचाच असतो. क्लच झिजला किंवा केबल कोरडी पडली की पेडल जड लागते. इंजिनाचा आवाज वाढतो, वेग मात्र वाढत नाही आणि जळका वास येतो, तेव्हा क्लच प्लेट घसरत असते. हायड्रॉलिक क्लचचे पेडल दाबल्यावर खालीच राहिले, तर तेलाची गळती असू शकते. काही गाड्यांत क्लच आणि ब्रेकचे तेल एकाच टाकीतून येते. अशी गाडी तशीच दामटू नये.

जड पेडलमुळे गुडघ्याच्या वाटीमागे ताण येतो. जिना उतरतानाही तिथेच दुखते. पेडल पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट पुढे घ्यावी.

गाडीत दोष सापडला नाही, तर मात्र पायाकडे पाहायला हवे. विशेषतः चालकाला मधुमेह असेल तर. रक्तातील साखर बरीच वर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा बोटांपासून बधिर होत जातात. मुंग्या येतात, तळव्यांची आग होते, चप्पल कधी निसटली तेही कळत नाही. अशा पायाला पेडल किती दाबले गेले याचा अंदाज येत नाही. गाडी झटके देते, सिग्नलला बंद पडते.

खरा धोका पुढेच आहे. ही बधिरता सहसा दोन्ही पायांत येते. क्लच चुकला तर गाडी बंद पडते. ब्रेक चुकला तर समोरचा माणूस सापडतो. म्हणूनच ऑटोमॅटिक गाडी घेणे हा यावर उपाय नाही.

मधुमेहींनी वर्षातून एकदा पायांची तपासणी करून घ्यावी. 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून आणि कंपन करणारा चिमटा हाडावर ठेवून संवेदना पाहतात. सुई लागत नाही, काही मिनिटांत काम होते. संवेदना कमी आढळली, तर गाडी चालवावी की नाही हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. तोवर किल्ली घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्यावी.