जुन्या रायफलीचे हरवलेले मॅगझिन

मॅगझिन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मासिक येते. बंदूक हाताळणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र पत्र्याची एक लहानशी डबी येते. शब्द एकच, आणि तोही मूळचा अरबी. मख्झन म्हणजे कोठार. इटालियन आणि फ्रेंचच्या वाटेने तो इंग्रजीत पोहोचला, तेव्हा त्याचा अर्थ होता दारूगोळ्याचे कोठार. १७३१ साली लंडनमध्ये ‘जंटलमन्स मॅगझिन’ निघाले आणि लेखांच्या कोठारालाही मॅगझिन म्हणू लागले. पुढे बंदुकीत काडतुसांची छोटी कोठी बसवली जाऊ लागली, तिलाही हेच नाव मिळाले. आज मी बोलणार आहे ते या शेवटच्या कोठीबद्दल.

पॉइंट टू-टू, म्हणजे .२२ बोअरची रायफल आपल्याला अगदीच अनोळखी नाही. एनसीसीत गेलेल्या अनेकांनी पालथे झोपून ती चालवलेली असते. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने ब्राँझपदक मिळवले, तेही याच बोअरच्या रायफलीवर. त्या स्पर्धेत प्रत्येक काडतूस एकेक करून हातानेच भरावे लागते, त्यामुळे मॅगझिनचा प्रश्न येत नाही. पण अमेरिका, ब्रिटन, जर्मनी अशा देशांत गेल्या शतकात या बोअरच्या असंख्य रायफली मॅगझिनसह विकल्या गेल्या. कुणी शेतावरचे ससे मारायला घेतली, कुणी मुलांना नेम शिकवायला, कुणी क्लबातल्या सरावासाठी. आता त्या रायफली जुन्या झाल्या, संग्राहकांच्या कपाटात गेल्या, आणि तिथे एक प्रश्न उभा राहिला: या रायफलीला लावलेले मॅगझिन तिच्याच काळातले आहे का?

हा प्रश्न मॅगझिनबद्दलच का पडावा? कारण कोणत्याही अवजाराशिवाय निघणारा आणि खिशात सहज मावणारा हा भाग आहे. तो शेतात पडतो, कोटाच्या खिशात राहतो, घर बदलताना कुठल्यातरी खणात जातो. रायफल राहते, डबी हरवते. मग कुणीतरी नवी आणून बसवतो. नुसता नेमबाजी करणारा म्हणेल, चालते ना, मग झाले! त्याचे बरोबरच आहे. पण तीच रायफल ‘कारखान्यातून आली तशी’ म्हणून कुणी विकत असेल आणि त्याची किंमत मागत असेल, तर प्रश्न खरेखोटेपणाचा होतो.

आधी ही डबी काय करते ते पाहू. या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली गोल कड असते. स्फोट सुरू करणारे रसायन त्या कडेतच भरलेले असते आणि घोड्याची सुई कडेवरच आदळते, म्हणून याला रिमफायर म्हणतात. पण हीच कड मॅगझिनला त्रासाची ठरते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली, तर ते पुढे सरकतच नाही. म्हणून डबीचा कल, आतली स्प्रिंग आणि काडतूस धरून ठेवणारे वरचे दोन ओठ हे सगळे नेमके जुळलेले असावे लागते. ओठ किंचित वाकले तरी रायफल अडखळते. चुकीचे मॅगझिन नुसते दिसायलाच चुकीचे नसते, ते कामातही दगा देते.

आता ओळख कशी पटवायची? पण कोणतीही रायफल हातात घेताना एक गोष्ट आधी. मॅगझिन काढले म्हणजे रायफल रिकामी झाली असे नव्हे. एक काडतूस नळीच्या मुळाशी असू शकते. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून, बोल्ट मागे ओढून, ती जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढचे काही करू नये.

पहिली पायरी म्हणजे आधी रायफल ओळखणे, मॅगझिन नंतर. हे वाटते तितके सोपे नाही. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने प्रत्येक नव्या बंदुकीवर अनुक्रमांक सक्तीचा केला. त्याआधीच्या कितीतरी स्वस्त .२२ रायफलींवर क्रमांकच नाही. शिवाय सीअर्स किंवा माँटगोमेरी वॉर्डसारखी मोठी दुकाने दुसऱ्यांच्या कारखान्यांतून रायफली बनवून घेत आणि स्वतःच्या नावाने विकत. माँटगोमेरी वॉर्डच्या ‘वेस्टर्न फील्ड’ नावाच्या काही रायफली प्रत्यक्षात मॉसबर्गने बनवलेल्या आहेत. मग मॅगझिन शोधायचे ते मॉसबर्गचे. दुकानाच्या नावाने शोधत बसलात तर हाती काही लागत नाही.

दुसरी पायरी: ‘बसते’ याचा अर्थ ‘तिचेच आहे’ असा घेऊ नये. विंचेस्टरची मॉडेल ५२ ही अमेरिकेतली नामांकित निशाणेबाजीची रायफल. ती १९१९ च्या राष्ट्रीय स्पर्धांत लोकांसमोर आली आणि १९८० पर्यंत बनत राहिली. विंचेस्टरची मॉडेल ६९ बनली १९३५ ते १९६३ या काळात, मॉडेल ७५ बनली १९३८ ते १९५८ या काळात. या तिघींना एकाच तऱ्हेचे मॅगझिन बसते. तेव्हा १९२० च्या सुमाराच्या रायफलीत १९५५ चे मॅगझिन कुरकुर न करता बसेल, आणि विकणारा म्हणेल, बघा, अगदी फिट आहे! आणखी गंमत म्हणजे १९६१ साली आलेली ५२-डी ही आवृत्ती एकेरी भरायची होती. तिच्यासाठी योग्य मॅगझिन म्हणजे कोणतेच मॅगझिन नाही.

तिसरी पायरी सगळ्यांत महत्त्वाची. शेतात नाण्यांचा हंडा सापडला की अभ्यासक त्यातले सर्वांत नवे नाणे शोधतात. हंडा त्या नाण्याच्या आधी पुरलेला असूच शकत नाही. मॅगझिनलाही हाच नियम लावायचा. त्याच्यावरचे सर्वांत नवे लक्षण शोधा. फुलीच्या आकाराची खाच असलेला फिलिप्स स्क्रू दिसला? त्याची पेटंटे १९३६ ची आहेत, तेव्हा हे मॅगझिन १९२० चे नाही. ‘.२२ मॅग्नम’ असे लिहिले आहे? ते काडतूसच १९५९ साली आले. मूळ खोका म्हणून दाखवताहेत त्यावर कंपनीच्या पत्त्यात पाच आकडी झिप कोड आहे? अमेरिकेत तो १९६३ साली सुरू झाला. बारकोड आहे? दुकानांत त्याचा वापर १९७४ पासूनचा.

गावांची आणि देशांची नावेही काळ सांगतात. जर्मनीत त्सेला सांक्ट ब्लासी आणि मेहलिस ही दोन गावे १९१९ साली एकत्र होऊन त्सेला-मेहलिस झाले. बंदूक बनवणाऱ्यांचे हे जुने ठाणे. वाल्थर आणि आन्शुट्झ हे दोन्ही कारखाने तिथले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर दोन्ही पश्चिमेकडच्या उल्म शहरात नव्याने उभे राहिले. म्हणजे त्यांच्या मालावर ‘उल्म’ असेल, तर तो युद्धानंतरचा. ‘पश्चिम जर्मनी’ असेल, तर १९९० पर्यंतचा. चेक रायफलींचेही तसेच. ‘चेकोस्लोव्हाकिया’ हा देश १९९२ च्या अखेरीस संपला. ‘चेक प्रजासत्ताक’ अशी मोहोर असलेला भाग त्यानंतरचाच.

मात्र हा नियम एकाच दिशेने चालतो. नवे लक्षण दिसले तर वस्तू नवी हे नक्की. नवे लक्षण दिसले नाही म्हणून ती जुनी ठरत नाही, कारण पोलादी पत्र्याची डबी आजही बनवता येते. तिथे झीज मदतीला येते. रायफलीतला खटका मॅगझिनच्या भिंतीवर घासतो आणि तिथला निळसर मुलामा उडवतो. तो ओरखडा या रायफलीच्या खटक्याशी जुळतो का? रायफलीचा मुलामा पुसट झालेला आणि मॅगझिन चकचकीत, असे तर नाही? जोडी बरोबर म्हातारी झालेली दिसली पाहिजे.

कधीकधी खरा भाग मोडका वाटतो आणि नेमका तोच फेकला जातो. ब्रिटिश सैन्याने सरावासाठी .३०३ रायफली .२२ मध्ये बदलून घेतल्या होत्या. नंबर २ मार्क ४ ही त्यांतली एक. तिच्यात काडतूस हाताने भरायचे. पण .३०३ चे मॅगझिन तसेच ठेवलेले, फक्त आतली स्प्रिंग आणि काडतूस उचलणारी पट्टी काढून टाकलेली. रिकामी झालेली पुंगळी त्या पोकळ डबीत पडायची. आता एखादा भला माणूस ती डबी पाहतो, त्याला वाटते आतले सामान हरवले, आणि तो स्प्रिंगसकट दुसरे मॅगझिन आणून बसवतो. दुरुस्तीच्या नावाखाली इतिहास बिघडतो, तो असा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. परदेशातल्या भाच्याला सांगून डबी मागवणे हा मार्ग नव्हे. परवानाधारक विक्रेता आणि परवाना देणारे कार्यालय यांना विचारूनच पाऊल टाकावे. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. त्यामुळे काही घरांत आजोबांची कोणती बंदूक ठेवायची आणि कोणती द्यायची, हा प्रश्न खरोखरच उभा राहिला. अशा वेळी हातातली वस्तू नेमकी काय आहे हे माहीत असलेले बरे.

मित्रहो, मॅगझिन बदललेले असणे हा गुन्हा नाही. आजोबांच्या घड्याळाची काच बदललेली असते, पेटीचा भाता बदललेला असतो, तरी घड्याळ आणि पेटी आजोबांचीच राहते. फक्त बदल लपवू नये. मॅगझिनला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधावी: हे मूळचे नाही, अमुक साली बसवले. आणि पट्टी-स्प्रिंग नसलेली एखादी जुनी डबी खणात सापडली, तर ती भंगारात टाकण्याआधी एकदा विचारून घ्यावे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)