कोलाडला माणसांपेक्षा ट्रक जास्त चढतात

काशीदला आमच्याकडे उतरणारे पाहुणे हमखास विचारतात, "वहिनी, जवळचं स्टेशन कुठलं?" मी रोहा सांगते. मुरूड तालुक्यात रूळच नाहीत. पण माझं माहेर कोलाडच्या बाजूचं, त्यामुळे रेल्वे आल्यावर गावाचं काय होतं ते मी घरातच पाहिलंय.

आमच्याकडे रेल्वे हप्त्याहप्त्याने आली. साठच्या दशकात आपट्यापर्यंत, मग 1986 ला रोह्यापर्यंत. पुढचं कोकण तसंच राहिलं. जुलै 1990 मध्ये ई. श्रीधरन यांच्याकडे कोकण रेल्वेचं नवं महामंडळ सोपवलं आणि 15 सप्टेंबरला रोह्यात पायाभरणी झाली. भागभांडवलात केंद्राचा 51 टक्के वाटा, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15, गोवा आणि केरळचे सहा-सहा. बाकी पैसा रोख्यांतून उभा केला. आमच्या भाताच्या खाचरात मोजणीवाल्यांनी खुंट्या ठोकल्या. जमिनीची पट्टी नेमकी मधूनच गेली, त्यामुळे पलीकडच्या तुकड्यात लावणीला जायचं तर लांबून वळसा. आई कुरकुरायची. मात्र जमीन गेलेल्या घरांना नोकरीत प्राधान्य होतं, आणि दादा गँगमन झाला. आमच्या घरातला महिन्याचा पहिला पगार तो.

1993 ला रोहा ते वीर गाडी धावली. सगळा मार्ग 26 जानेवारी 1998 ला सुरू झाला. रोहा स्टेशन मध्य रेल्वेचं, म्हणून तिथून 13 किलोमीटरवरचं कोलाड हे कोकण रेल्वेचं पहिलं स्टेशन. मान पहिला, पण बहुतेक एक्स्प्रेस गाड्या न थांबताच जातात. नुसत्या प्रवाशांवर कोलाडचं पोट भरलं नसतं.

ते भरायला लागलं 1999 पासून, रो-रोमुळे. म्हणजे भरलेला ट्रक थेट उघड्या वाघिणीवर चढवायचा. मुंबई-गोवा महामार्ग हाकेच्या अंतरावर, म्हणून जागा कोलाडची ठरली. आधी मालाची उंची तपासतात, मग ट्रक एकामागून एक रॅम्पवरून वर जातात आणि चाकं जखडून टाकतात. ड्रायव्हर-क्लीनर आपापल्या केबिनमध्येच बसून गोव्यातल्या वेर्ण्याला किंवा कर्नाटकात सुरतकलला उतरतात. कशेडी आणि परशुरामाचा घाट चुकतो, डिझेल वाचतं, टायर झिजत नाहीत. नंबर लागेपर्यंत ड्रायव्हर लोकांना चहा हवा, जेवण हवं, आंघोळीला पाणी हवं, पंक्चरवाला हवा. माझ्या मावशीने याच लोकांना भाकरी-रस्सा वाढून दोन मुलांची लग्नं केली. ऑगस्ट 2025 मध्ये तर गणपतीला जाणाऱ्यांच्या मोटारीही इथून गाडीवर चढवायला सुरुवात झाली.

आमच्या घराला पगार मिळाला तसा घोरही लागला. पावसात दरड उतरते. 2004 च्या जूनमध्ये करंजाडीजवळ आंबवलीच्या पुलावर मत्स्यगंधा एक्स्प्रेस रुळावरून घसरली, माणसं गेली. पावसाळ्यात गाड्या हळू सोडतात, वेळापत्रक वेगळं असतं आणि रात्रभर गस्त चालते. दादाच्या पिशवीत झेंडे, बॅटरी आणि फटाका सिग्नल असायचे. पुढे धोका दिसला तर तो फटाका रुळावर बसवायचा; इंजिनाच्या चाकाखाली फुटला की ड्रायव्हर ब्रेक लावतो. वहिनी दादाचा डबा भरताना आधी आभाळाकडे बघायची.

आता इकडे अलिबागच्या रेल्वेची मागणी दर निवडणुकीत निघते. पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत मालगाडीचे रूळ आहेतच, फक्त प्रवासी गाडी नाही. काशीदचे लोक म्हणतात, रेल्वे आली की पर्यटक वाढतील. वाढू देत, माझ्याच खोल्या भरतील. पण पर्यटक शनिवारी येतो आणि रविवारी जातो. उद्या रेल्वेची माणसं गावात नकाशा घेऊन आली, तर माझे प्रश्न ठरलेले आहेत : जमीन कोणाची जाणार, नोकरी कोणाला मिळणार, आणि मालधक्का कुठे बांधणार?