आपला माणूस : ईशान्य मुंबई ते डेट्रॉइट

मंडळी, मागच्या व्याख्यानाच्या शेवटी घाटकोपरहून येणाऱ्या एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली होती. ‘अमेरिकेत गोरे गोऱ्यालाच आणि काळे काळ्यालाच मत देतात म्हणे, ते कितपत खरं?’ वेळ संपली होती, म्हणून उत्तर राहून गेलं. आज तेच घेऊ. पण आम्ही आधी आपल्या उपनगरांतूनच निघणार आहोत, आणि त्याआधी एक कबुलीही देणार आहोत.

काही वर्षांपूर्वी महापालिकेच्या निवडणुकीत आम्ही मतदानाला गेलो. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेला माणूस, बरं का! यंत्रासमोर उभे राहिलो तेव्हा लक्षात आलं की, आपल्या वॉर्डातल्या एकाही उमेदवाराचं काम आपल्याला ठाऊक नाही. कोणत्या पक्षाला मत द्यावं याबद्दलही त्या वर्षी मन द्विधा होतं. नजर वरून खाली फिरली आणि एका आडनावावर थांबली. आमच्या गावाकडचं आडनाव. बटण दाबलं, शिटी वाजली, बाहेर आलो. बोटावरची शाई वाळायच्या आत वाटलं, हे आपण काय केलं? त्या बाईंबद्दल आम्हाला आडनावापलीकडे काहीही माहीत नव्हतं.

हा पहिला मुद्दा. जिथे माहिती नसते तिथे नाव माहितीची जागा घेतं. अमेरिकेत बऱ्याच शहरांच्या निवडणुकांत मतपत्रिकेवर पक्षाचं नाव छापतच नाहीत. तिथे आडनाव आणि त्यातून कळणारा वंश मतदाराशी जास्त बोलतो, असं अभ्यासकांना आढळलेलं आहे. यात द्वेष असेलच असं नाही. नवख्या गावात पाटी वाचून खाणावळीत शिरावं, तसं ते असतं.

पण सगळंच इतकं निरुपद्रवी नसतं. आता १९६७ कडे येऊ.

व्ही. के. कृष्ण मेनन हे केरळचे. १९५७ आणि १९६२ मध्ये ते उत्तर मुंबईतून काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून आले. १९६२ मध्ये समोर आचार्य कृपलानी होते आणि मेनन एक लाख चाळीस हजारांहून जास्त मतांनी जिंकले. त्याच वर्षी चीनचं युद्ध झालं आणि त्यांचं संरक्षणमंत्रिपद गेलं. १९६७ मध्ये काँग्रेसनं त्यांना मुंबईतून तिकीट नाकारलं. ‘ते मुंबईचे नाहीत’ हेही एक कारण पुढे केलं गेलं. मेनन ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले. काँग्रेसनं स. गो. बर्वे यांना उभं केलं. जून १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली होती, आणि कचेऱ्यांतल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या ‘मार्मिक’मधून छापून येत होत्या. दाक्षिणात्यांविरुद्धचं वातावरण तापलेलं होतं. सेनेनं मेनन यांच्या विरोधात प्रचार केला. मेनन तेरा हजारांच्या आसपास मतांनी हरले. निकालानंतर थोड्याच दिवसांत बर्वे वारले. पोटनिवडणुकीत त्यांची बहीण तारा सप्रे उभ्या राहिल्या आणि मेनन पुन्हा हरले.

सरळ दिसतं ना? मराठी मतदारानं मल्याळी उमेदवाराला पाडलं. आम्ही बरीच वर्षं वर्गात यावर आक्षेप घ्यायचो. उपनगरांतला मराठी मतदार १९६२ मध्येही मराठीच होता, १९५७ मध्येही होता. उलट १९५७ म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचा ऐन भर. तेव्हा मेनन चालले. मग जी गोष्ट बदललीच नाही, तिनं बदल कसा घडवला? तर्काला धरून आहे, असं आम्हाला वाटायचं.

एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, ‘सर, पण बासष्टला मुख्य लढतीत मराठी उमेदवार होताच कुठे? कृपलानी सिंधी होते. सत्तावनला पीटर अल्वारिस, ते गोव्याचे. मराठी मतदाराला मराठीपणा दाखवायला जागा सदुसष्टलाच मिळाली.’ आम्ही निरुत्तर झालो. त्याचं बरोबर होतं. ताटात वाढलंच नाही, तर आवड कळणार कशी?

म्हणून मग दुसरी कसोटी शोधली, आणि ती त्याच शहरात, त्याच निवडणुकीत सापडली. दक्षिण मुंबईत स. का. पाटील उभे होते. मराठी माणूस, केंद्रात मंत्री, मुंबई काँग्रेसवर त्यांची सत्ता. समोर जॉर्ज फर्नांडिस, मंगळूरचे, ख्रिस्ती, गोदी कामगारांत आणि पालिका कामगारांत युनियनचं काम केलेले. ‘तुम्ही स. का. पाटलांना पाडू शकता’ हा त्यांचा प्रचार गाजला. आणि पाटील पडले! आता सांगा, मराठी मतदार नावाची एकच वस्तू असती तर ईशान्येला एक न्याय आणि दक्षिणेला दुसरा, असं झालं असतं का? मुंबई महाराष्ट्रात नको, अशी पाटलांची भूमिका होती आणि ती लोक विसरले नव्हते. जॉर्ज मराठी बोलत होते, फुटपाथवर झोपलेले होते, संपात पुढे होते. ‘आपला कोण’ हे जन्मदाखल्यावर ठरलं नाही, राजकारणानं ठरवलं.

आमचे वडील १९६२ मध्ये मेनन यांना मत देऊन आले आणि सदुसष्टला बर्व्यांना. आम्ही विचारलं तेव्हा म्हणाले, ‘मी दोन्ही वेळा बैलजोडीला दिलं.’ काँग्रेसची निशाणी तेव्हा बैलजोडी होती. भाषा, युद्ध, उमेदवाराची लायकी, यातलं काहीच त्यांच्या तोंडी आलं नाही. खरोखरच तसं होतं, की मुलाला सांगायला ते बरं पडलं? माहीत नाही. बर्वे स्वतःही काही नुसते मराठी नव्हते. आय.सी.एस. अधिकारी, पानशेतच्या पुरानंतर पुणं सावरण्यात नाव कमावलेला माणूस. एका मतामागे चार कारणं असतात आणि मतदाराला त्यातलं एकच सांगता येतं.

आता अमेरिका. २००८ मध्ये मतदानोत्तर पाहणीनुसार ओबामांना कृष्णवर्णीयांची सुमारे ९५ टक्के मतं पडली आणि गोऱ्यांची ४३ टक्के. चिठ्ठी लिहिणारे गृहस्थ म्हणतील, झालं, सिद्ध झालं. थांबा. २००४ मध्ये त्याच पक्षाचे जॉन केरी उभे होते, ते गोरे. त्यांना कृष्णवर्णीयांची ८८ टक्के आणि गोऱ्यांची ४१ टक्के मतं होती. म्हणजे गोऱ्या मतदारांत गोऱ्या केरींपेक्षा ओबामांना दोन टक्के जास्तच! नुसती ९५ आणि ४३ शेजारी ठेवली तर एक चित्र दिसतं, चार वर्षं मागे गेलं की ते उलटतं.

मग वंशाचा परिणाम नाही म्हणायचं का? तसंही नाही. तो आणखी खोल गेलेला आहे. १९६४ मध्ये लिंडन जॉन्सन यांनी नागरी हक्कांचा कायदा केला, पुढच्या वर्षी मतदान हक्कांचा. त्याच १९६४ च्या निवडणुकीत दक्षिणेतली पाच राज्यं, जी पिढ्यान् पिढ्या डेमोक्रॅटिक पक्षाची होती, त्या कायद्याला विरोध करणाऱ्या गोल्डवॉटर यांच्याकडे गेली. जॉन्सन यांच्यानंतर एकाही डेमोक्रॅटिक उमेदवाराला देशभरातल्या गोऱ्या मतदारांत बहुमत मिळालेलं नाही. म्हणजे मतदार उमेदवाराचा वर्ण बघण्याआधीच पक्ष बघतो, आणि त्या पक्षातच वंशाचा जुना हिशेब मिसळलेला असतो. आमच्या वडिलांच्या बैलजोडीतही काय काय मिसळलेलं असेल, कोण जाणे.

इथे मोजणीची एक अडचण सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडे निकालाच्या संध्याकाळी सगळेच तज्ज्ञ होतात. (हशा) मत गुप्त असतं. आकडा मिळतो तो मतदान केंद्राचा. एखाद्या केंद्रावर गुजराती वस्ती जास्त आणि तिथे अमुक उमेदवाराला जास्त मतं, एवढ्यावरून तिथल्या गुजराती माणसानं त्याला मत दिलं असं सिद्ध होत नाही. रॉबिन्सन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९५० मध्येच दाखवलं की, गटाच्या आकड्यावरून व्यक्तीविषयी काढलेला निष्कर्ष साफ चुकू शकतो.

२०२४ ची आपल्याच मतदारसंघाची लोकसभा आठवा. मिहीर कोटेचा विरुद्ध संजय दिना पाटील. आदल्या सप्टेंबरात मुलुंडमध्ये एका मराठी बाईंना सोसायटीत ऑफिसला जागा नाकारल्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता. त्यामुळे लढतीला ‘गुजराती विरुद्ध मराठी’ असं नाव पडलं. पाटील २९,८६१ मतांनी जिंकले आणि लगेच ‘मराठी माणूस जागा झाला’ असे मेसेज आले. पण विधानसभानिहाय आकडे उघडून पाहा. मुलुंडमध्ये आघाडी कोटेचांना होती. पाटलांना तारलं ते मुख्यतः मानखुर्द-शिवाजीनगरनं, जिथे मुस्लिम मतदार मोठ्या संख्येनं आहे. मुलुंडच्या कट्ट्यावर ज्या भांडणाची चर्चा चालली होती, निकालाचं वजन त्याच्या बाहेर, गोवंडीच्या बाजूला होतं. मुलुंडमधल्या किती मराठी घरांनी कोणाला मत दिलं, हे त्या आकड्यांतून निघत नाही. आणि त्या बाईंना जागा नाकारली गेली याचं दुःख निकालाच्या आकड्यावर अवलंबून नाही. ते वेगळं आणि खरंच आहे.

आता आरसा थोडा फिरवू. श्री ठाणेदार हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. बेळगावचे मराठी गृहस्थ, १९७९ मध्ये अमेरिकेला गेले, रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली, उद्योग केला. ‘ही श्रीची इच्छा’ हे त्यांचं आत्मचरित्र मराठीत आहे. २०२२ मध्ये ते मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून गेले, आणि आपल्याला आनंद झाला. आम्हालाही झाला, खोटं कशाला बोला!

पण तो मतदारसंघ डेट्रॉइटचा. त्या शहरातले चारातले तीनहून जास्त लोक कृष्णवर्णीय आहेत. १९५५ पासून डेट्रॉइटचा किमान एक तरी कृष्णवर्णीय प्रतिनिधी वॉशिंग्टनमध्ये होता. ठाणेदार आले आणि ती परंपरा तुटली. तिथे खरी लढत पक्षांतर्गत निवडणुकीतच होते. त्यात नऊ उमेदवार होते. ठाणेदारांना साधारण २८ टक्के मतं पडली, बाकीची आठ जणांत, बहुतेक कृष्णवर्णीय उमेदवारांत, वाटली गेली. ठाणेदारांनी पदरचा पैसाही पुष्कळ ओतला होता. तरी ‘फाटाफुटीचा विजय’ म्हणून सोडून देता येत नाही, कारण २०२४ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांनी निम्म्याहून जास्त मतं घेतली. कृष्णवर्णीय मतदारांच्या मतांशिवाय ते झालं नसतं.

ज्या डेट्रॉइटकरांनी ‘आमचा माणूस हवा’ म्हटलं, ते वंशवादी का? आणि १९६७ मध्ये आपल्या उपनगरांत ज्यांनी तेच म्हटलं, ते कोण? दोन्ही वाक्यं शब्दशः एकच आहेत. आमच्या मते तिथे विचारायचा प्रश्न असा : बोलणाऱ्याला आजवर खुर्ची मिळालेली आहे की नाही, आणि त्याला स्वतः आत यायचं आहे की दुसऱ्याला बाहेर काढायचं आहे? डेट्रॉइटच्या माणसाच्या आजोबांना अलाबामात मतच देऊ देत नसत. त्याचं ‘आमचा’ आणि कचेरीतल्या नावांच्या यादीतलं ‘आमचा’ यांना आम्ही एका तागडीत घालणार नाही. इतकं मात्र मान्य करतो की, पहिल्याचं दुसऱ्यात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. नोकरीसाठी वणवण करणाऱ्या मराठी तरुणाची तक्रारही सुरुवातीला खरीच होती.

हा पेच आपल्या लोकांनी अमेरिकेच्या आधी ओळखला होता. २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार आठवा. राखीव जागा १४८, पण मतदारसंघ संयुक्त. बाबासाहेबांची शंका अशी की, जागा आमची आणि निवडणारे मात्र बहुसंख्य, मग तो प्रतिनिधी कोणाचं ऐकणार? म्हणून करारात एक तोडगा होता : आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार जणांची निवड करायची, मग त्या चारांतून सर्वांनी एकाला निवडायचं. डेट्रॉइटच्या पक्षांतर्गत निवडणुकीसारखीच दोन पायऱ्यांची रचना, फक्त पहिली पायरी कोणाची ते स्पष्ट लिहिलेलं. स्वतंत्र भारतात ही पहिली पायरी राहिली नाही. १९५२ मध्ये उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर स्वतः बाबासाहेब उभे राहिले आणि काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांच्याकडून साडेचौदा हजारांच्या आसपास मतांनी हरले. दोघेही दलितच. तेव्हा नुसतं ‘दलित उमेदवार’ म्हणून तो निकाल समजत नाही. निवडणारे कोण होते, हे विचारावं लागतं.

शेवटी एका विद्यार्थिनीनं विचारलं आहे की, मेनन यांचं पुढे काय झालं. १९६९ मध्ये ते बंगालमध्ये मिदनापूरच्या पोटनिवडणुकीला अपक्ष म्हणून, डाव्यांच्या पाठिंब्यावर उभे राहिले आणि निवडून आले. मुंबईशी त्यांचा दहा वर्षांचा संबंध होता, मिदनापूरशी काहीच नव्हता. १९७१ मध्ये तिरुवनंतपुरमहून जिंकले, ते मात्र त्यांच्या स्वतःच्या केरळातलं.