रिमोट बोलतो, ऐकत नाही

कोल्हापूरच्या घरांत दुसरा रिमोट आला तो सरकारी मुदतीबरोबर. केबलचं प्रसारण डिजिटल करण्याचा कार्यक्रम देशात टप्प्याटप्प्याने राबवला गेला. मुंबई-दिल्लीसारखी महानगरं पहिल्या टप्प्यात होती, तर पुणे, नाशिक, सोलापूर दुसऱ्यात. उरलेल्या शहरांसाठी, म्हणजे कोल्हापूर-इचलकरंजीसाठीही, ३१ डिसेंबर २०१५ ही तारीख ठरली. ग्रामीण भागाची मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०१७पर्यंत गेली. याच काळात, ऑक्टोबर २०१६मध्ये, कोल्हापूरजवळच्या वसगडे गावात चित्रित होणारी ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका सुरू झाली. त्यातल्या राणादाला बघायला रोज संध्याकाळी टीव्हीपुढे बसणाऱ्या घरांत एकेक करून सेट-टॉप बॉक्स आला आणि बॉक्सबरोबर त्याचा रिमोट. टीव्हीचा रिमोट आधीपासून होताच. पुढे कुणाकडे स्टिकचा तिसरा आला, कुणाकडे साउंडबारचा चौथा.

तेव्हापासून जिल्ह्यातल्या अनेक घरांत एक फोन ठरलेला असतो. नातू हिंजवडीला नोकरीला, आज्जी गावाकडे. टीव्हीवर नुसता निळा पडदा आलेला असतो. “आज्जी, टीव्हीचा रिमोट घे. बॉक्सचा नव्हं, दुसरा. त्यावर सोर्स लिवलंय बघ.” आज्जीला चष्मा लावूनही काळ्या रबरावरची करडी अक्षरं लागत नाहीत, लागली तरी ती इंग्रजीत असतात. शेवटी शेजारचा पोरगा येतो, दोन बटणं दाबतो आणि निघून जातो. आज्जी म्हणते, “मला मेलीला जमतच नाही.”

हे शेवटचं वाक्य खोडून काढायला हवं. रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या रचनेचा अभ्यास करणारे अमेरिकी संशोधक डॉन नॉर्मन यांनी १९८८ सालच्या आपल्या पुस्तकात हाच मुद्दा मांडला होता. एखादी वस्तू वापरताना माणसं चुकतात तेव्हा ती स्वतःला दोष देतात, पण खोट बहुतेक वेळा वस्तूच्या घडणीत असते. यंत्राची सध्याची अवस्था काय आहे आणि आपण केलेल्या कृतीने त्यात काय बदललं, हे यंत्राने दाखवलं पाहिजे. टीव्हीचा रिमोट नेमका इथेच नापास होतो. का, ते कळायला त्याच्या पोटात डोकवावं लागेल.

बटण दाबलं की रिमोटच्या टोकाचा एक बारका दिवा लुकलुकतो. त्याचा प्रकाश अवरक्त, बहुधा ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. माणसाची नजर साधारण ७०० नॅनोमीटरलाच संपते, म्हणून तो आपल्याला दिसत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्याला, विशेषतः पुढच्या कॅमेऱ्याला, मात्र तो फिकट जांभळा दिसतो. खोलीत ऊन असतं, बल्ब असतात, त्यांतूनही अवरक्त किरण निघतात. त्या गर्दीत आपला संदेश वेगळा उठून दिसावा म्हणून हा दिवा सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा उघडझाप करतो आणि टीव्हीतला ग्राहक तेवढ्याच लयीला कान देतो. बऱ्याच रिमोटमध्ये वापरल्या जाणाऱ्या ‘एनईसी’ पद्धतीत आधी ९ मिलिसेकंद झोत, मग साडेचार मिलिसेकंद शांतता, आणि त्यानंतर शून्य-एकचे ३२ अंक जातात. त्यांत यंत्राचा पत्ता असतो, हुकूम असतो आणि चूक पकडता यावी म्हणून दोन्हींची उलटी प्रतही असते. सगळा निरोप सेकंदाच्या पंधराव्या हिश्श्यात संपतो.

तंत्र म्हणून हे सुबक आहे, स्वस्त आहे आणि दोन सेलवर वर्ष-वर्ष चालतं. पण निरोप एकाच दिशेने जातो. बांधावरून हाक मारावी आणि पलीकडच्या माणसाने ओ द्यायची सोयच नसावी, तसा हा व्यवहार. निरोप पोचला का, टीव्ही चालू होता की बंद, पडद्यावर सध्या बॉक्स आहे की स्टिक, यातलं काहीही रिमोटला ठाऊक नसतं.

त्यात भर पडते चालू-बंदच्या बटणाची. ‘चालू हो’ आणि ‘बंद हो’ असे दोन वेगळे हुकूम या बटणातून सहसा जात नाहीत. ‘आहेस त्याच्या उलट हो’ एवढाच एक हुकूम जातो. यंत्र एकच असेल तर हे चालून जातं. दोन झाली की गडबड सुरू होते. लाईट जाऊन आली की पुष्कळदा बॉक्स आपोआप जागा होतो आणि टीव्ही झोपलेलाच राहतो. काही मॉडेलमध्ये उलट घडतं. अशा वेळी दोन्हींना एकदमच ‘उलट हो’ सांगितलं तर झोपलेला उठतो आणि जागा असलेला झोपतो. माणूस पुन्हा बटण दाबतो, पुन्हा तेच. पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते. ती टीव्हीच्या बाजूने खरी असते, पण चूक कुठल्या डब्यात आहे ते ती सांगत नाही.

आवाजाचंही तसंच. बॉक्समध्ये आवाजाची एक पातळी असते, टीव्हीत दुसरी, आणि कानावर पडतो तो दोन्हींचा मिळून झालेला परिणाम. बॉक्सचा आवाज कुणीतरी पार खाली आणून ठेवला असेल तर टीव्ही ६०-७०वर नेला तरी संवाद पुटपुटल्यासारखे येतात आणि सोबत खरखर वाढते, कारण टीव्ही आता दुबळ्या आवाजाबरोबर त्यातला गोंगाटही मोठा करत असतो. घरातल्यांना वाटतं, टीव्हीचा स्पीकर गेला. बॉक्सचा आवाज वर ठेवून रोजची कमी-जास्त फक्त टीव्हीच्या रिमोटने केली, तर ही तक्रार बहुतेक वेळा तिथंच मिटते.

टीव्हीचा बिनतारी रिमोट जन्माला आला तेव्हा त्यात एवढा पसारा नव्हता. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीतले यूजीन पॉली यांनी १९५५ साली पिस्तुलासारखा दिसणारा ‘फ्लॅश-मॅटिक’ केला. पडद्याच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणाऱ्या चकत्या होत्या, त्यांच्यावर विजेरीसारखा झोत मारायचा. खिडकीतून ऊन आलं की चॅनेल आपोआप बदलायचं. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीतले रॉबर्ट ॲडलर यांनी ‘स्पेस कमांड’ आणला. त्यात चारच बटणं होती आणि सेल नव्हताच. बटण दाबलं की छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटायची आणि माणसाला ऐकू न येणारा नाद उमटायचा. कांड्यांची लांबी वेगळी, म्हणून नादही वेगळा आणि हुकूमही वेगळा. सेल संपला की गिऱ्हाईक टीव्हीच बिघडला असं समजेल, अशी विक्री विभागाला धास्ती होती, म्हणून ही बिनसेलची युक्ती. गिऱ्हाइकाला काय वाटेल याचा विचार त्या रचनेच्या मुळाशी होता.

चार बटणांची चाळीस कशी झाली? पहिलं कारण पैशाचं. आजच्या रिमोटमध्ये एक सलग रबरी चादर असते. प्रत्येक बटणाच्या पोटाशी कार्बनची टिकली असते. बटण दाबलं की ती खालच्या पट्टीवरच्या दोन तारा जोडते. तारा आडव्या-उभ्या जाळीत मांडलेल्या असतात, त्यामुळे आठ आडव्या आणि आठ उभ्या तारांत ६४ बटणं बसतात. एक बटण वाढवायला कंपनीला जवळपास काहीच खर्च येत नाही. त्याची किंमत मोजतो तो रोज त्यातून हवं ते बटण शोधणारा माणूस.

दुसरं कारण म्हणजे जुनं काही काढून टाकायची कुणाची तयारी नसते. बॉक्सच्या रिमोटवर लाल, हिरवं, पिवळं, निळं अशी चार बटणं असतात. ती ब्रिटनमधल्या टेलिटेक्स्टच्या काळातली. पडद्यावर बातम्यांची पानं उलटायला ती आली. बीबीसीची ती सेवा १९७४मध्ये सुरू झाली आणि २०१२मध्ये बंद पडली. बटणं मात्र आजही कोल्हापुरातल्या दिवाणखान्यात आहेत.

तिसरं कारण जाहिरातीचं. नेटफ्लिक्सने रिमोटवर स्वतःच्या नावाचं बटण आणायची घोषणा २०११ सालीच केली होती. अमेरिकेत रोकू ही कंपनी अशा प्रत्येक बटणापोटी दर ग्राहकामागे एक डॉलर घेते, अशी बातमी ‘ब्लूमबर्ग’ने २०१९मध्ये दिली. रिमोटवरची जागा आता विकाऊ आहे. म्हणूनच कधीही न घेतलेल्या ॲपचं बटण ठळक, रंगीत आणि अंगठ्याच्या टप्प्यात असतं, तर पडद्यावर बॉक्स हवा की स्टिक हे ठरवणारं, रोज अडवणारं ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ कोपऱ्यात बारक्या चिन्हाआड लपलेलं. अंधारात अंगठा चुकून त्या ॲपवर पडतो, चालू मालिका जाते आणि परत कसं यायचं हे कुठंही लिहिलेलं नसतं.

बटणं कमी करणं हाच उपाय, असंही नाही. ॲपलने २०१५ साली आपल्या टीव्ही-बॉक्ससाठी मोजक्या बटणांचा, काचेवर बोट फिरवायचा रिमोट आणला. तो उलटा-सुलटा सारखाच लागायचा आणि जरा हात लागला की पडद्यावरची निवड पुढे सरकायची. तक्रारी इतक्या झाल्या, की स्वित्झर्लंडमधल्या सॉल्ट या दूरसंचार कंपनीने २०१९मध्ये आपल्या ग्राहकांना सरळ बटणांचा दुसरा रिमोट देऊ केला. २०२१मध्ये खुद्द ॲपलनेही रिमोट बदलला आणि स्पष्ट दाबता येणारी बटणं परत आणली.

रिमोटवरची एकच गोष्ट मात्र सगळीकडे सारखी आणि बिनतक्रार आहे, ती म्हणजे आकड्यांची मांडणी. १, २, ३ वर आणि शून्य सगळ्यांत खाली ही रचना टेलिफोनकडून आली. बेल प्रयोगशाळेने बटणांच्या अनेक मांडण्या माणसांच्या हाती देऊन तपासल्या आणि १९६०मध्ये निष्कर्ष छापले. पुढे ती आंतरराष्ट्रीय प्रमाण बनली. पाचच्या आकड्यावर अनेकदा बारीक उंचवटा असतो. अंधारातही बोटाला ठिकाण कळावं म्हणून. आधी माणसांवर तपासून, मग सगळ्यांनी एकच प्रमाण मान्य केलं, तर किती सोपं होतं याचा हा पुरावा रोज आपल्या हातात असतो.

असा पुरावा कोल्हापूरला दुसरीकडे शोधायला जावं लागत नाही. शिवाजी उद्यमनगरात, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत हजारो माणसं रोज यंत्रं चालवतात. यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, संकटात ते थांबवायचं बटण लाल, छत्रीसारखं, पिवळ्या पार्श्वभूमीवर. आयएसओ १३८५० हे त्याचं आंतरराष्ट्रीय मानक. ते दाबलं की आतच अडकून राहतं, मुद्दाम सोडवल्याशिवाय वर येत नाही. म्हणजे यंत्र थांबवलेलं आहे हे बटणाकडे बघूनच कळतं. उसाच्या रानात मोटरच्या स्टार्टरवर हिरवं बटण चालू करायचं, लाल बंद करायचं. दोन कामांना दोन वेगळी बटणं. मोटर लागली की मीटरचा काटा हलतो आणि पाइपातून पाणी येतं. लिहिता-वाचता न येणारा माणूसही रात्रीच्या पाळीला हे एकट्याने करतो. आयुष्यभर स्टार्टर आणि लेथ लीलया हाताळलेली तीच माणसं घरी आल्यावर ‘इनपुट’पाशी अडतात. यात त्यांची कुवत कमी पडत नाही. एकीकडे चूक झाली तर बोट जातं, म्हणून मानकं बांधली गेली. दुसरीकडे चुकीची किंमत म्हणजे एका म्हाताऱ्या माणसाची हुकलेली संध्याकाळ, आणि तिचा हिशोब कुठल्याच कंपनीच्या वहीत लिहिला जात नाही.

टीव्ही एकाचा, बॉक्स दुसऱ्याचा, ॲप तिसऱ्याचं. प्रत्येकाने आपापला रिमोट ठीकठाक केलाय. सगळं मिळून जे काही होतं त्याची जबाबदारी कुणाचीच नाही. ती कुणावर तरी टाकावी लागेल.

सुरुवात झालेली आहे. भारतीय मानक ब्युरोने टीव्हीच्या पोटातच उपग्रहाचा ट्यूनर बसवण्यासाठी आयएस १८११२ : २०२२ हे मानक प्रसिद्ध केलं. असा टीव्ही, छतावर छोटी डिश, आणि दूरदर्शनची निःशुल्क वाहिन्यांची सेवा बॉक्सशिवाय दिसू शकते. बॉक्स नाही म्हणजे त्याचा रिमोटही नाही. सशुल्क वाहिन्यांपर्यंत आणि केबलपर्यंत हे पोचायला हवं, आणि त्यासोबत रिमोटच्या पाच-सहा मूळ बटणांची जागा, आकार आणि मराठीसकट भारतीय भाषांतली नावंही ठरायला हवीत.

दुसरी सोय बहुतेक घरांत आधीच आहे, फक्त झोपवून ठेवलेली. एचडीएमआयच्या तारेतून चित्रासोबत यंत्रांचा आपापसातला संवादही जाऊ शकतो. त्याचं नाव ‘सीईसी’. ती चालू असली, आणि बॉक्सलाही ती येत असली, की बॉक्स जागा झाल्यावर टीव्हीही जागा होतो आणि योग्य इनपुटवर जातो. रिमोटला जे ऐकू येत नाही ते इथे यंत्रं एकमेकांना सांगतात. गोंधळ फक्त नावांचा आहे. सॅमसंग तिला ‘एनीनेट प्लस’ म्हणते, एलजी ‘सिंपलिंक’, सोनी ‘ब्राव्हिया सिंक’, फिलिप्स ‘ईझीलिंक’. सेटिंगमध्ये आपल्या टीव्हीचं नाव शोधून ती चालू करायला पाच मिनिटं लागतात. हिंजवडीच्या नातवाने पुढच्या सुट्टीत घरी आल्यावर करण्याजोगं हे पहिलं काम.

आणि पाडव्याला किंवा दसऱ्याला नवा टीव्ही घ्यायचा असेल, तर राजारामपुरीतल्या दुकानात जाताना घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला सोबत न्यावं. पडदा किती इंची आणि चित्र किती स्पष्ट, हे बघून झालं की रिमोट त्यांच्या हातात द्यावा, आणि विक्रेत्याला मधे बोलू न देता तीन कामं सांगावीत : टीव्ही चालू करा, आवाज कमी करा, एक ॲप उघडा आणि तिथून परत वाहिनीवर या. तिसऱ्या कामाला ते अडले, तर दुसरं मॉडेल दाखवायला सांगावं.