ट्रंकेतला फोटो, पण हा कोण?

दिग्गी (ता. जोयडा) : जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत, सातबाऱ्याच्या कागदांमध्ये असा एखादा फोटो निघतोच. चौकोनी, जेमतेम सव्वादोन इंचांचा, काळा-पांढरा. अंगणात एक बाई उभी, डोळे बारीक केलेले. मागे नाव नाही, तारीख नाही. घरात कुणी ओळखत नाही, तरी फेकवत नाही. का बरं?

एक कारण कॅमेऱ्यातच आहे. स्टुडिओत मागे पडदा असायचा, मान कशी ठेवायची ते फोटोग्राफर सांगायचा. घरगुती कॅमेऱ्यात तसलं काही नाही. १९०० साली कोडॅकने 'ब्राउनी' हा पेटी कॅमेरा एका डॉलरला विकायला काढला. पुढे आपल्याकडे बडोद्यात 'आगफा क्लिक थ्री' तयार होऊ लागला. एका रोलमध्ये चौकोनी बारा फोटो. शटरचा वेग जवळपास ठरलेला, त्यामुळे कडक ऊन लागायचंच. म्हणून माणसं घराबाहेर, उन्हाकडे तोंड करून उभी दिसतात. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी, मग त्याची सावली कधी कधी फोटोतच येते. मला विचाराल तर ती सावली चेहऱ्याइतकीच बोलते. समोर घरचंच कुणीतरी आहे, म्हणून तर ते हसू असं अर्धवट, मोकळं आलेलं असतं.

अशा निनावी फोटोंना जगात मान आहे. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टने २००७ मध्ये अमेरिकेतल्या घरगुती फोटोंचं प्रदर्शनच भरवलं होतं. मुंबईच्या चोरबाजारात परक्यांचे कौटुंबिक फोटो विकत मिळतात. शौक म्हणून ठीक आहे.

पण आपल्या तालुक्यात गोष्ट वेगळी आहे. काळी नदीवरच्या धरणात जुनं सुपा गाव बुडालं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं, कित्येक घरं रामनगरकडे गेली. त्या काळच्या फोटोत बाईमागे जी ओसरी, जी तुळस दिसते, ती आज पाण्याखाली असू शकते. तेव्हा म्हाताऱ्या माणसांना फोटो दाखवताना नुसतं 'ही कोण?' विचारू नका, 'ही जागा कुठली?' तेही विचारा. चेहरा विसरलेला माणूस घराचा खांब ओळखतो, आणि खांबावरून नाव निघतं.

कळलेलं नाव मागे मऊ शिशपेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. मोबाइलवर प्रत काढून ठेवा. आपल्याकडच्या पावसात बुरशी लवकर धरते, म्हणून फोटो भिंतीला टेकवून ठेवू नका. आणि लॅमिनेशन तर नकोच, ते पुन्हा सुटत नाही.