शेतातली हरळी, अंगणातलं लॉन

वाशीम जिल्ह्यातल्या कोणत्याही सोयाबीन-तूरवाल्या शेतकऱ्याला विचारा, चिवट तण कोणतं? हरळीचं नाव लगेच येईल. वखराने तिच्या कांड्या तुटतात आणि प्रत्येक तुकडा नव्याने रुजतो. तोच माणूस गावात घर बांधतो, पुढे लॉन हवं म्हणतो आणि नर्सरीत जाऊन ‘बर्म्युडा’ मागतो. नाव परदेशी आहे, गवत नाही. बर्म्युडा म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. लॉनसाठी तिचेच बारीक पानांचे, बुटके वाण निवडतात.

‘आपल्या उन्हात लॉन टिकत नाही’ हा समज टीव्हीवरच्या हिरवळीमुळे पसरला असावा. विम्बल्डनच्या कोर्टवर 2001 पासून निव्वळ रायग्रास आहे आणि ते 8 मिलिमीटरवर कापतात. ते थंड हवेचं गवत, आपल्या मे महिन्यात करपणारच. हरळीचं तसं नाही. ज्वारी, मका, ऊस यांच्यासारखीच तिची अन्न बनवण्याची पद्धत उष्ण हवेला साजेशी आहे. 27 ते 35 अंशांत ती जोमाने वाढते. उलट डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींनी ती पिवळी पडते. तेव्हा घाबरून युरिया टाकू नये, ती झोपलेली असते. मखमली गादीसारखं कोरियन गवतही ऊन सोसतं, पण फार सावकाश पसरतं; घाई असेल तर ते घेऊ नका.

सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज पाण्याचा आहे. रोज संध्याकाळी पाइप धरून दहा मिनिटं शिंपडलं की वरची बोटभर माती ओली होते, मुळं तिथेच घुटमळतात आणि एक दिवस खाडा पडला की गवत मान टाकतं. उन्हाळ्यात आठवड्याला साधारण 25 मिलिमीटर पाणी पहाटे, एकदा किंवा दोनदा विभागून द्यावं. हजार चौरस फुटांना ते सुमारे 2,300 लिटर होतं. आपली काळी माती पाणी सावकाश पिते, म्हणून थोडं सोडायचं, अर्धा तास थांबायचं, मग उरलेलं द्यायचं. आणि विहिरी तळाला गेल्या असतील तर पाणी बंद करा. मला हे मनापासून सांगावंसं वाटतं, कारण शेजारी टँकरची वाट पाहत असताना लॉन भिजवणं योग्य नाही. हरळी वरून वाळते, पण जमिनीतल्या कांड्या जिवंत राहतात आणि पहिल्या पावसात हिरव्या होतात.

लाल मातीचा ट्रक काळ्या रानावर ओतून लॉन छान होतं, असंही मानतात. पण खालची माती फुगते, भेगाळते आणि वरचा थर खचतो. त्यापेक्षा शेणखत मिसळा, पाणी निघून जाईल इतका उतार द्या आणि जून-जुलैत वीतभर अंतरावर कांड्या टोचा.

पिवळेपणाला प्रत्येक वेळी युरिया हे उत्तर नाही. जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी आहे. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही. 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी फवारा.

कापणीचं थोडक्यात: उंची 3-4 सेंटिमीटर ठेवावी, एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त छाटू नये. खरवडून काढलेल्या लॉनमध्ये ऊन थेट मातीवर पडतं आणि लव्हाळा घुसतो. तो वरून उपटून जात नाही, खालची गाठ खुरप्याने काढावी लागते.

कडुनिंबाखाली हरळी विरळ होते, कारण तिला दिवसभराचं ऊन लागतं. तिथे दरवर्षी नवा गालिचा अंथरण्यापेक्षा विटांचा कट्टा बांधा. मे महिन्याच्या दुपारी बसायला घरातली माणसं तीच जागा शोधतात.